यादीतली शेवटची ओळ

१

ऑफिसात त्याला सगळे खात्री म्हणत. कोणी काहीही सांगितलं, अगदी लिफ्ट बंद आहे असं सांगितलं, तरी 'खात्री केली का?' हे त्याच्या तोंडून निघायचंच. हळूहळू लोक त्याचं खरं नाव विसरले. नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने तर त्याच्या रजेच्या अर्जावर 'श्री. खात्री' असंच टाइप करून दिलं होतं. त्याने तो अर्ज तीनदा वाचला, तारीख तपासली आणि मुकाट्याने सही केली.

घरी तो याहून वाईट होता. कुलूप लावून दोन जिने उतरला की एकदा परत वर जायचा. पण घरात एक गोष्ट अशी होती की तिच्यासाठी त्याचा हा स्वभाव बायकोही खपवून घ्यायची. ती गोष्ट म्हणजे आईच्या उशाशी ठेवलेली डबी.

आईची फुप्फुसं थकली होती. तिच्या नाकाला नळी होती, नळी ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेली होती आणि ते मशीन दिवसभर घुमत राहायचं, मधेच फुस्स करायचं. बोटाला एक चिमटा. त्या चिमट्याची तार डबीत जायची आणि डबीच्या पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसायचा. नव्वदच्या खाली आकडा आला की डबी कोकलायची. आई तिला पहारेकरी म्हणायची.

डबी त्याने स्वतः बनवली होती. तिच्यातली लिनक्स, म्हणजे डबी चालवणारी सिस्टिम, हीसुद्धा त्याचीच. आयती मिळते ती लिनक्स टाकली असती तर तासाभरात काम उरकलं असतं, पण आईचा जीव ज्याच्या भरवशावर ठेवायचा ते दुसऱ्या कोणी बनवलेलं असून चालणार नव्हतं. म्हणून दर सहा महिन्यांनी एका रविवारी तो सिस्टिमच्या प्रत्येक तुकड्याचा, प्रत्येक पॅकेजचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, डाउनलोड करायचा आणि त्यातून सगळी सिस्टिम नव्याने कंपाइल करायचा, कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात आणायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. नेटवरच्या एका भांडारातून यादी घ्यायची. यादीप्रमाणे पॅकेजेस उतरवायची. प्रत्येकाचा चेकसम, म्हणजे एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी बदलणारा तो लांबलचक आकडा, यादीतल्या आकड्याशी ताडून बघायचा. मग यादी कागदावर छापायची आणि पेन्सिलने एकेका ओळीपुढे खूण करायची. शेवटी नेटची केबल भिंतीतून उपसून काढायची आणि मगच कंपाइल करायला बसायचं. आधी लागेल ते घरात आणायचं, मग दार लावून घ्यायचं, असा सरळ हिशोब. पॅकेजेस एक्याऐंशी होती. कागदाच्या तळाशी तो 'एकूण ८१, सर्व बरोबर' असं लिहायचा आणि कागद फाइलला लावायचा.

त्या रविवारी सगळं तसंच झालं. फक्त बायकोने प्रिंटरचा कागद आणताना जरा आखूड आकाराचा गठ्ठा आणला होता. त्यामुळे यादी एका पानात मावली नाही. शेवटची एक ओळ दुसऱ्या कोऱ्या पानावर एकटीच छापून आली.

एरवी त्याने सवयीने खूण केली असती. पण एकटी ओळ डोळ्यांत भरते. पेन्सिल टेकवली आणि तो थांबला, कारण ते नाव त्याच्या ओळखीचं नव्हतं.

त्याने वरपासून मोजलं, मग खालपासून मोजलं. ब्याऐंशी भरली.

२

नाव साधंच होतं, बाकीच्यांसारखं. चार-पाच अक्षरं, मग एक आडवी रेघ, मग आवृत्तीचा आकडा. चेकसम जुळत होता. आणि तिथेच त्याला स्वतःची चूक कळली. इतकी वर्षं तो पॅकेजेस यादीशी ताडून बघत आला होता, पण यादी कशाशीच ताडून बघितली नव्हती. यादीत जे आहे ते आलं की सर्व बरोबर. यादीत ते का आहे, हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दाराशी आलेल्या प्रत्येकाची चिठ्ठी वाचून आत घ्यायचं आणि चिठ्ठी कोणी दिली ते विचारायचं नाही, असा हा कारभार होता.

त्याने ते पॅकेज उघडलं. एरवी आत पंचवीस गोष्टी असतात: लेखकाचं नाव, परवानगीचा मजकूर, कसं वापरायचं त्याच्या सूचना, कोणी कधी काय बदललं त्याची जंत्री. यात एकच फाइल होती. लेखक नाही, सूचना नाहीत. वर दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम आणि त्याखाली नुसता तक्ता. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि एक आकडा.

तारीख आजची होती. पहिली वेळ सकाळी नऊची. आकडा शहाण्णव.

त्याने घड्याळ बघितलं. नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती. फाइलमध्ये त्याने नऊ अठराची ओळ शोधली. पंच्याण्णव. तो उठला, पलीकडच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. डबीवर पंच्याण्णव होते. त्याच्या देखत शहाण्णव झाले. तो परत येऊन बघतो तर नऊ एकोणीसपुढे शहाण्णवच.

त्याने अशा अकरा ओळी ताडून बघितल्या. ये-जा करून करून त्याला घाम फुटला. अकराच्या अकरा जुळल्या. मग तो भीत भीत फाइलच्या तळाशी गेला. तक्ता सहा महिन्यांनंतरच्या रविवारपर्यंत होता. पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, पुन्हा शहाण्णव. कुठेही नव्वदच्या खाली एकही आकडा नव्हता.

हे पॅकेज तर अजून डबीत गेलंही नव्हतं; मागच्या वेळी असंच एखादं गेलं असणार. म्हणजे डबी आईकडे बघतच नव्हती. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले आकडे ती वाचून दाखवत होती. उद्या आईचा श्वास कोंडला तरी ती शहाण्णव म्हणत बसणार होती. त्याने जाऊन डबीची वायर ओढून काढली.

"झोपला वाटतं पहारेकरी," आई म्हणाली.

३

भांडार सांभाळणारा माणूस रविवारी फोन उचलेल असं वाटलं नव्हतं, पण त्याने उचलला. जरा कुरकुर केली, मग नोंदी उघडून बघितल्या. त्याच्या यादीत एक्याऐंशीच पॅकेजेस होती. ब्याऐंशीव्याचं नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्या नावाची मागणी मात्र नोंदीत होती. सहा महिन्यांपूर्वी, त्याच्या आधी सहा महिने, त्याच्याही आधी.

"कोणाकडून?" खात्रीने विचारलं.

"तुमच्याकडूनच, साहेब. दुसऱ्या कोणी मागितलेलंच नाही."

"आणि तुम्ही देता?"

पलीकडे बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "आमच्याकडे ते नाहीच आहे. पण पाठवलं असं दिसतंय खरं."

खात्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती इथे नव्हे, त्याच्या पुढच्या क्षणी. त्याच्या कॉम्प्युटरवरून मागणी जात होती तर त्याच्या कॉम्प्युटरला हात लावणारा कोण? कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली दोघांकडे होती. एक त्याच्याकडे, एक बायकोकडे. कागदही तिनेच आणला होता.

बायको एका दवाखान्यात फायली लावायचं काम करायची. तिला कॉम्प्युटरचं वावडं होतं. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि आडवळणाने विचारू लागला: खोलीत कधी गेली होतीस, कोणी आलं होतं का, कोणी काही पेन ड्राइव्ह वगैरे दिला होता का. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"माझ्यावर संशय घ्यायचाच असेल," ती म्हणाली, "तर निदान मला कळेल अशा गोष्टीवरून घे."

तो ओशाळला. पण विचारल्याबद्दल त्याला वाईट वाटलं नाही, हेही खरं. ज्याची चौकशी झाली नाही त्याच्यावर विश्वास ठेवणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने तिला घडलेलं सांगितलं आणि एकच विनंती केली. तो नवी सिस्टिम बनवेपर्यंत, साडेतीन तास, डबी बंद राहणार होती. तेवढा वेळ तिने आईजवळ बसावं, हात हातात घेऊन. डोळ्यांत तेल घालून बसावं आणि जरा काही वाटलं तर हाक मारावी.

"साडेतीन तास?" तिने विचारलं.

"साडेतीन."

ती आईच्या खोलीत गेली आणि तिने खुर्ची पलंगाशी ओढली.

४

त्याने ब्याऐंशीवं पॅकेज पुसून टाकलं, यादीतली ओळ खोडली आणि केबल उपसली. मग कंपाइल सुरू केलं. काळ्या पडद्यावरून ओळी वर सरकू लागल्या. एरवी हे बघत बसणं हे त्याचं सुख होतं. आज तो कान पलीकडच्या खोलीत लावून बसला होता.

मशीनचं घुमणं, मधेच फुस्स, आणि आईचा आवाज. आई तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होती. एकदा कशी बादली पडली, ती काढायला मामा कसा उतरला, त्याला काढायला कोण उतरलं, सगळं साग्रसंगीत. बायको मधेमधे हसत होती. त्याला बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वी आईला तीन शब्द बोलून थांबावं लागायचं, श्वास जमवायला. आता कशी घडाघडा बोलते, असं सगळेच म्हणायचे. डॉक्टरही खूश होते.

दोन वाजता सिस्टिम तयार झाली. त्याने ती डबीत चढवली आणि डबी आईच्या उशाशी ठेवली.

"आला का कामावर?" आई म्हणाली.

"आला." त्याने चिमटा तिच्या बोटाला लावला.

पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या. वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ. त्याने चिमटा काढून पुन्हा लावला. दुसऱ्या बोटाला, मग तिसऱ्या. रेघा तशाच. त्याने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला तर सत्त्याण्णव. बायकोच्या बोटाला अठ्ठ्याण्णव. चिमटा ठीक, तार ठीक, डबी ठीक. आईच्या बोटाला पुन्हा दोन रेघा.

"बोट गार असेल माझं," आई म्हणाली. "हल्ली गारच असतं."

हे कारण पटण्यासारखं होतं. गार बोटावर आकडा येत नाही, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. बायकोने गरम पाण्यात टॉवेल पिळून आणला. आईचा हात त्यात गुंडाळून दोघं दहा मिनिटं बसली. बोटं टॉवेलच्या उबेने कोमट झाली. रेघा गेल्या नाहीत.

आणि आई बोलत होती. विहिरीची गोष्ट पुढे चालली होती. मामा वर आला, मग आजी त्याला काय बोलली, मग दोर कोणी कापला. खात्री तिच्या तोंडाकडे बघत होता. एक वाक्य संपलं, दुसरं लागलं, तिसरं. तो कशाची वाट बघतोय ते त्याला आधी कळेना. मग कळलं. दोन वाक्यांच्या मधे माणूस जे करतो ते आई करत नव्हती. तिची छाती हलत नव्हती. तिला श्वासासाठी थांबावं लागत नव्हतं, आणि सगळे त्याला सुधारणा म्हणत होते.

डॉक्टरांना फोन करावा असं त्याच्या मनात आलं. पण सांगणार काय? आई गप्पा मारते आहे, ताबडतोब या, असं?

"आणि मग त्या बादलीत," आई म्हणाली आणि थांबली. डोळे उघडेच, नजर खिडकीवर. मशीनने तीनदा फुस्स केलं. चौथ्यांदा केलं. मग ती पुढे म्हणाली, "एक बेडूक होता." आवाज तोच, पण शब्द लांब लांबून येऊ लागले होते. "अरे... माझा आधीचा पहारेकरी... कुठे आहे? हा नको. याच्याने थंडी वाजते."

बायकोने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि नवऱ्याकडे बघितलं.

५

तो खोलीत पळाला आणि त्याने फाइल काढली. सगळ्या जुन्या याद्या तारखेने लावलेल्या होत्या.

सहा महिन्यांपूर्वीची यादी: पानाच्या अगदी तळाशी, समासाला चिकटून, ब्याऐंशीवी ओळ. पुढे त्याचीच पेन्सिलची खूण आणि खाली त्याच्याच अक्षरात 'एकूण ८१, सर्व बरोबर'. वर्षापूर्वीची यादी तशीच. दीड वर्षापूर्वीची यादी छापलेली एक्याऐंशीची होती. ब्याऐंशीवी ओळ तिच्याखाली पेन्सिलने लिहिलेली होती. आडवी रेघ जराशी वर चढलेली, आकड्यांची पोटं बंद केलेली. अक्षर त्याचंच होतं. त्याहून जुन्या कुठल्याच यादीत ते नाव नव्हतं.

त्याला ते लिहिल्याचं आठवत नव्हतं. दुपार मात्र आठवत होती.

तेव्हा तो डबीवरच कंपाइल करायचा. डबी चार तास बंद होती. बायकोला रविवार असूनही कामावर बोलावलं होतं आणि तो या खुर्चीत बसून, पहारेकरी भरवशाचा व्हावा म्हणून सरकत्या ओळी बघत होता. चार तासांत तो एकदाही पलीकडे गेला नव्हता. गेला तेव्हा आई खिडकीकडे तोंड करून पडली होती. तोंड जरा उघडं होतं, हात पलंगाखाली लोंबत होता. तो दारातच उभा राहिला. किती वेळ, ते आजही त्याला सांगता आलं नसतं. त्याने हाक मारली नाही. तिच्या नाकापाशी बोट नेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खात्री करून घेतली नाही. तो मागे फिरला आणि खुर्चीत येऊन बसला. त्यानंतरचं काही हाती लागत नव्हतं. पुढचं आठवतं ते एवढंच की त्याने आईच्या बोटाला चिमटा लावला, डबीवर शहाण्णव आले आणि आई म्हणाली, चहा टाकतोस का रे?

त्याचा जीव भांड्यात पडला होता. त्याने चहा टाकला होता.

पलीकडे आईचा आवाज आता येत नव्हता. बायकोने हाक मारली. मोठ्याने नाही, पण ती कधी तशी हाक मारायची नाही.

खोटे आकडे, त्याने स्वतःशी म्हटलं. मीच मागवलेले खोटे आकडे. आणि त्याने केबल उचलून भिंतीत खुपसली.

६

यादी मागवली, उतरवली. ते पॅकेज एवढंसं होतं, एकट्याचं कंपाइल व्हायला मिनिटही लागलं नाही. त्याने ते डबीत टाकलं, पळत जाऊन डबी उशाशी ठेवली, चिमटा लावला. आईचे डोळे खिडकीवर होते. बायको हात धरून वाकून बसली होती, कपाळ पलंगाच्या कडेला टेकलं होतं. पडद्यावर दोन रेघा. मग शहाण्णव.

"बेडूक होता," आई म्हणाली. "पिवळा. काय रे, असा काय बघतोस?"

तो हसला. त्याला रडू येत होतं. त्याने आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, पुन्हा सारखं केलं. पंच्याण्णव झाले, शहाण्णव झाले. खोटे तर खोटे. सहा महिन्यांनी पुन्हा मागवू, त्याच्यानंतर पुन्हा. त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"दमलीस. जरा पड जाऊन."

"बसते अजून थोडी," ती मान वर न करता म्हणाली. "यांचा हात आत्ता कुठे ऊबदार लागतोय."

तो खोलीत परत आला. घाईत यादी छापायची राहिली होती, आणि काही झालं तरी कागद फाइलला लागायला हवा होता. त्याने बटण दाबलं. पहिलं पान आलं. मग दुसरं आलं.

दुसऱ्या पानावर दोन ओळी होत्या.

ब्याऐंशीवी ओळखीची होती. तिच्याखाली दुसरं नाव, आडवी रेघ, आवृत्तीचा आकडा. चेकसम जुळत होता. पॅकेज उतरलेलंही होतं, फाइलींच्या रांगेत शेवटी. उघडलं की झालं. आत तक्ता असणार आणि पहिल्या ओळीत आजची तारीख. वेळ कोणती असेल?

पलीकडून बायकोचा आवाज येत होता. ती आईला काहीतरी सांगत होती. दवाखान्यातलं काहीतरी, फायलींचं, कोणाचं तरी नाव कोणाच्या तरी फायलीवर कसं पडलं त्याचं. तिचा आवाज छान लागला होता. ती घडाघडा बोलत होती, एक वाक्य संपलं की लगेच दुसरं. तो ऐकत राहिला. मशीनने फुस्स केलं, पुन्हा फुस्स केलं, आणि ती बोलतच होती.

टेबलावर जादा चिमटा पडला होता. पाच सेकंदांचं काम होतं.

"चहा टाकू का रे?" बायको दारात उभी होती. तो कधी वळला, ती कधी आली, कळलं नाही. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. हात गार होता.

"टाक," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने चिमटा उचलला, ड्रॉवरमध्ये सगळ्यात मागे सरकवला आणि ड्रॉवर बंद केला. मग पेन्सिल घेतली, त्र्याऐंशीव्या ओळीपुढे खूण केली आणि खाली लिहिलं, एकूण ८१, सर्व बरोबर.